पांढरीचे वाचन

शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत आणि ताम्रपटांत 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद पुनःपुन्हा येते. उत्तर कोकणचे शिलाहार ते लावतात, कोल्हापूरचे शिलाहारही लावतात. हे लेख ज्या काळात लिहिले गेले त्या काळात या घराण्यांचा कारभार ठाणे आणि कोल्हापूर-पन्हाळा या परिसरांतून चालत होता. 'श्रेष्ठ अशा तगर नगराचा अधिपती' हे शब्द त्यांच्या प्रत्यक्ष सत्तेचे वर्णन करीत नाहीत. आपण मूळचे कुठले, हे ते सांगतात. एका नगराचे नाव नगरापासून सुटून, समुद्रकाठी आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी, पिढ्यानुपिढ्या दानपत्रांच्या पहिल्या ओळींतून फिरत राहिले. संहितेत नाव आहे आणि जमिनीवर जागा नाही, अशा अवस्थेत तगर शेकडो वर्षे होते. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी ते देवगिरीत शोधले, जुन्नरला शोधले, धारूरला शोधले. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे समीकरण मांडले आणि ते पुढे मान्य झाले. साहित्याच्या अभ्यासकाला या प्रकरणाचे आकर्षण वाटावे याचे कारण सरळ आहे. येथे वाचन आधी झाले आणि खणणे नंतर.

धाराशिवपासून सुमारे वीस किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी हे गाव आहे. (जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव बदलून २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव झाले, गावातल्या बोलण्यात धाराशिव हे नाव त्यापूर्वीही पूर्णपणे गेलेले नव्हते. नावे जमिनीपेक्षा अधिक टिकतात, याचे हे आणखी एक उदाहरण.) गेल्या काही वर्षांत मी तेरला पाच-सहा वेळा गेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या मनात 'पेरिप्लस' होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका अनामिक ग्रीक भाषिकाने लिहिलेल्या या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर ही दक्षिणापथातील दोन मोठी व्यापारी नगरे म्हणून येतात. पैठण भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून रंगीत दगड जातो. तगरहून साधे जाडेभरडे कापड पुष्कळ जाते, नाना प्रकारची मलमल जाते, आणि हे सारे गाड्यांवर लादून, नीट वाट नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचच्या बंदरात पोचते. या लेखकाने तगर पाहिले असावे असे त्याच्या मजकुरावरून वाटत नाही. तो बंदरावर ऐकलेले सांगतो. दिशासुद्धा त्याची थोडी चुकते. तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. पण 'साधे जाडेभरडे कापड' हे शब्द मला मोलाचे वाटतात. बाहेरच्या जगाने या गावाविषयी जे पहिले लिहून ठेवले ते राजाविषयी नाही, देवळाविषयी नाही. विणकराच्या मालाविषयी आहे.

कापड मात्र उरत नाही. उरते ते खापर. म्हणून आज तेरला जाणारा माणूस जे पाहतो ते कोष्ट्याचे तेर नाही, कुंभाराचे तेर आहे. आणि याचे कारण इतिहास नाही, मातीचा टिकाऊपणा आहे. स्थानिक संग्रहालये पाहताना ही गोष्ट विसरता येत नाही आणि आपण ती हमखास विसरतो. दालनात जे आहे त्यालाच आपण त्या समाजाचे चित्र समजतो. साहित्याच्या इतिहासात आपण वेगळे काय करतो? ज्यांच्या पोथ्या मठांत राहिल्या त्यांचा इतिहास लिहितो, आणि ज्यांचे शब्द जात्यावर विरले त्यांच्यासाठी एक प्रकरण शेवटी जोडतो.

मराठवाड्यातल्या खेड्यात 'काळी' आणि 'पांढरी' असे जमिनीचे दोन भाग बोलले जातात. काळी ही पिकाची, पांढरी ही वस्तीची. माणसे जिथे पिढ्यानुपिढ्या राहिली, चुली पेटल्या, राख पडली, भिंती खचल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, तिथली माती राखाडी-पांढरी होते आणि हळूहळू तिचे टेकाड बनते. पुरातत्त्ववेत्ता असे टेकाड पाहिले की थांबतो. गावकऱ्यालाही त्याचे महत्त्व ठाऊक असते, पण निराळ्या कारणाने: ही माती माळवदावर घालायला चांगली. पाणी धरत नाही, ऊन आत येऊ देत नाही. लाकडी तुळयांवर सर, त्यावर पाला, त्यावर मातीचा जाड थर, असे ते छत. म्हणजे या भागातील कितीतरी घरांनी प्राचीन वस्त्यांचे अवशेष अक्षरशः डोक्यावर घेतलेले होते. गाळून न घेतलेल्या मातीत मणी असतात, खापरे असतात, क्वचित एखादे नाणे असते. पहिल्या पावसाने धुतलेल्या टेकाडावर पोरे मणी वेचतात, हे दृश्य या मुलखाला नवे नाही.

तेरचे संग्रहालय या सवयीतून जन्मले. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच रहिवासी. पांढरीत, शेतात, नदीकाठी लोकांना सापडणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या, जपल्या, आणि पुढे हा संग्रह शासनाकडे जाऊन त्यांच्याच नावाने शासकीय संग्रहालय उभे राहिले. मातीच्या मूर्ती, केओलिनच्या दुहेरी साच्यांतून काढलेल्या बाहुल्या, शंखाचे व हस्तिदंताचे अलंकार, मण्यांचे ढीग, नाणी, दिवे, खेळणी, मडकी. संख्या हजारांत मोजावी लागते.

बेनेडिक्ट अँडरसन यांनी 'इमॅजिन्ड कम्युनिटीज'च्या १९९१ सालच्या वाढीव आवृत्तीत जनगणना, नकाशा आणि संग्रहालय यांवर एक स्वतंत्र प्रकरण जोडले. वसाहतवादी राज्यसंस्था आपल्या प्रजेची, प्रदेशाची आणि परंपरेची कल्पना कशी करते, हे या तीन साधनांवरून वाचता येते, असा त्यांचा युक्तिवाद. आपल्याकडच्या चर्चांत हे प्रकरण आता इतके रुळले आहे की 'संग्रहालय' हा शब्द उच्चारताच सत्तेचा डोळा समोर उभा राहतो. मुंबई-कोलकात्याच्या संग्रहालयांना हा सिद्धान्त चांगला लागू पडतो. तेरला तो अडखळतो. येथे जमविणारा राज्यसंस्थेचा नोकर नव्हता, त्याला वर्गीकरणाची घाई नव्हती, आणि वस्तू आणून देणारे त्याचे शेजारी होते. राज्यसंस्था आली ती शेवटी, कुलूप आणि नोंदवही घेऊन. सिद्धान्त चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो ज्या ठिकाणी तयार झाला त्या ठिकाणचा आहे, एवढेच. त्याला आपल्या गावी आणताना एसटीची वाट पाहावी लागते.

उलट बाजूने पाहायचे तर सातारा जिल्ह्यातील औंधचे संग्रहालय घ्यावे. यमाईच्या डोंगरावरील हे श्रीभवानी संग्रहालय संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारले. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने रविवर्म्याची चित्रे, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती, हस्तिदंती कोरीव कामे, आणि हेन्री मूरचे एक 'माता आणि मूल' असा सारा ऐवज माणदेशाच्या कडेच्या एका दुष्काळी खेड्यात आणून ठेवला. औंधमध्ये जग गावात आणले आहे. तेरमध्ये गाव जगाला दाखविले आहे. औंधला गेलेला विद्यार्थी एका रसिक मनाचे दर्शन घेऊन परततो, आणि ते दर्शन लोभस आहे. पण त्या दालनांत औंधच्या मातीतले किती आहे, हा प्रश्न तिथे सुचत नाही, कारण संग्राहकाने तो स्वतःला विचारलेला नाही. तेरला मात्र दुसरा काही प्रश्नच सुचत नाही.

तेरच्या संग्रहाविषयी पुरातत्त्ववेत्त्यांची एक तक्रार असते आणि ती रास्त आहे. या वस्तूंना स्तर नाही. १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी तेरला उत्खनन केले. त्यात निघालेल्या खापराविषयी सांगता येते की ते कोणत्या थरात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली सापडले. लामतुऱ्यांकडे आलेल्या बाहुलीविषयी हे सांगता येत नाही. ती सुंदर आहे, ती अस्सल आहे, पण ती कुठल्या घरातली, कुठल्या पिढीतली, हे तिच्या घडणीवरूनच ताडावे लागते. या तक्रारीत मला आमच्याच विषयाचा एक जुना वाद ऐकू येतो. संतांच्या गाथा संपादन करणाऱ्याला हस्तलिखितांची परंपरा हवी असते. कोणत्या पोथीत कोणता अभंग, पोथी कोणाची, कोणत्या शकातली. ज्या अभंगाला पोथी नाही, जो केवळ वारकऱ्याच्या तोंडी आहे, त्याला तो 'प्रक्षिप्त' म्हणून कंसात टाकतो किंवा परिशिष्टात पाठवितो. पृष्ठभागावर सापडलेली वस्तू आणि तोंडी सापडलेला अभंग यांची ज्ञानशास्त्रीय जात एकच आहे. दोघांनाही साक्षीदार आहे तो एका माणसाचा: 'मला इथं सापडलं.' आपल्या शिस्तीला हा साक्षीदार पुरत नाही. तो का पुरत नाही हे मला समजते; परंतु तो नसता तर संग्रहालयही नसते आणि गाथेचा निम्मा भागही नसता, हे संपादकीय प्रस्तावनांत कुठेतरी लिहिले जावे असे वाटते.

तेरच्या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती. अंगावर अलंकारांची गर्दी, वस्त्र जवळजवळ नाहीच. तिची कीर्ती झाली ती एका दूरच्या बहिणीमुळे. १९३८ साली इटलीतील पाँपेईच्या उत्खननात तशाच घडणीची एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. दोन छोट्या सेविका तिच्या दोन बाजूंना आहेत. इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात ती सापडल्यामुळे तिचा काळ निदान एका बाजूने पक्का झाला. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. सुरुवातीला तिला 'लक्ष्मी' म्हटले गेले. पुढे ती यक्षी असावी असे मत पुढे आले. तिचे माहेर आधी मथुरेकडे मानले जात होते. तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील तिच्याशी जुळणाऱ्या मूर्तींमुळे अनेक अभ्यासक आता ते सातवाहनांच्या दख्खनमध्ये शोधतात.

हे सारे खरे आहे आणि रोमहर्षकही आहे. तरी या मूर्तीसमोर उभे राहिले की मला एक अस्वस्थता जाणवते. तेरविषयी लिहिणारे जवळजवळ सर्वजण, वर्तमानपत्री पुरवण्यांपासून पर्यटनाच्या माहितीपत्रकांपर्यंत, तेरचे मोठेपण रोमच्या साक्षीने सिद्ध करतात. 'रोमशी व्यापार होता', 'पाँपेईत सापडली तशी'. पाँपेईची मूर्ती मिळाली नसती तर तेरची मूर्ती कमी सुंदर झाली असती का? प्रमाणपत्र देणारे केंद्र नेहमी दूर असते, आणि गावाची किंमत गावाने दूर काय पाठविले यावरून ठरते. मराठी समीक्षेत देशीवादाची चर्चा जोरात असतानाही हा प्रश्न कलावस्तूंच्या बाबतीत फारसा कोणी विचारला नाही. तो कादंबरीपुरता राहिला. देशीवादाच्या सर्वच निष्कर्षांशी माझी सहमती नाही. 'देशी' म्हणजे शुद्ध, बाहेरचे काही न मिसळलेले, असा अर्थ तेरच्या खापरांनीच खोटा ठरविला आहे. केओलिनच्या बाहुल्यांचे दुहेरी साचे हे तंत्र रोमन जगाशी आलेल्या संबंधातून येथे रुजले असे मानले जाते, आणि तरीही त्या बाहुल्यांचे चेहरे, दागिने, केसांची ठेवण इथलीच आहे. पण साक्षीदार कोण, हा देशीवादाने विचारलेला प्रश्न मात्र योग्य होता.

कारण तेरला दुसरा एक साक्षीदार आहे, आणि तो कुंभार आहे.

महाराष्ट्रातील बहुसंख्य माणसांसाठी तेर म्हणजे तगर नव्हे. तेर म्हणजे तेरढोकी, गोरोबाकाकांचे गाव. चैत्रात येथे त्यांच्या पुण्यतिथीची यात्रा भरते. त्यांचे मंदिर आहे, त्यांचे म्हणून दाखविले जाणारे घर आहे. विठ्ठलनामात तल्लीन होऊन चिखल तुडविताना स्वतःचे मूल पायांखाली आल्याचेही ज्याला कळले नाही, अशी त्यांची कथा मराठी मनात चित्रपटांनी, कीर्तनांनी आणि शाळेच्या पुस्तकांनी पक्की बसविली आहे. त्यांच्या नावावर अभंग थोडे आहेत. संतमंडळात ते वयाने वडील, म्हणून 'काका'.

दुसरी कथा मला अधिक ओढते. संत जमले आहेत. मुक्ताबाई गोरोबांना विचारते की हे काय आहे. गोरोबा सांगतात, हे थापटणे, याने मडके कच्चे की पक्के हे कळते. मग ते थापटणे घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारीत जातात. सारे गप्प बसून मार घेतात, नामदेव चिडतात. मडके कच्चे, असा निवाडा होतो, आणि नामदेवांना गुरूच्या शोधात विसोबा खेचरांकडे जावे लागते. कथेच्या काही पाठांत हे गोरोबांच्या घरीच, म्हणजे तेरमध्ये घडते. मराठी परंपरेत समीक्षेचे पहिले रूपक शोधायचे झाले तर अलंकारशास्त्राकडे जाण्याआधी या थापटण्याकडे पाहावे, असे मी वर्गात सांगतो. परीक्षेचे हे हत्यार घडविण्याचेही हत्यार आहे. ओल्या मडक्याला थापटूनच त्याचा पोटाकडचा आकार येतो. ज्याला घडविता येते तोच वाजवून पाहू शकतो, आणि तोही आवाजावरून, दिसण्यावरून नव्हे. खापरांचा अभ्यास करणारा संशोधकही तुकडा बोटांत धरून टिचकी मारतो आणि भाजणीचा अंदाज घेतो. हे मी प्रत्यक्ष पाहिले तेव्हा ती कथा मला नव्याने कळली.

तेरला दोन प्रकारचे लोक येतात आणि ते एकमेकांना फारसे भेटत नाहीत. एक संग्रहालयात जातात, दुसरे काकांच्या मंदिरात. एका यात्रेच्या दिवसांत मंदिराच्या आवारात लातूरकडच्या एक वृद्ध बाई माझ्याशेजारी टेकल्या होत्या. मी संग्रहालय पाहून आलो होतो, हे ऐकून त्या म्हणाल्या, ''तिथं बी मडकीच हायेत म्हणं.''

''हो आजी. पुष्कळ आहेत.''

''मग त्यातली काकाची कंची?''

मी सांगितले की ती मडकी काकांच्या हजार वर्षे आधीची आहेत. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ''मंग काकाच्या आज्या-पणज्याची असतील, दादा.'' आणि हा विषय त्यांच्या लेखी संपला.

माझ्या लेखी तो तेव्हापासून सुरू आहे. इतिहासाच्या कसोटीवर त्यांचे विधान टिकेल असे नाही. सातवाहन काळातले कुंभार आणि तेराव्या शतकातले कुंभार यांच्यातली वंशरेषा कोणी काढू शकणार नाही. पण रोमपेक्षा अधिक जवळचा, अधिक अर्थपूर्ण असा संदर्भ त्या बाईंनी एका वाक्यात त्या खापरांना दिला. नदी तीच, माती तीच, चाक तेच. एका गावात कुंभारकामाचे हजारो अवशेष जमिनीखाली आहेत आणि त्याच गावाचा संत कुंभार आहे; या दोन गोष्टींना एकत्र वाचणारी पाने आपल्या अभ्यासात फार थोडी सापडतील. पुरातत्त्व गोरोबांपाशी येण्याआधी थांबते, संतसाहित्याचा अभ्यास त्यांच्यापासून सुरू होतो, आणि मधल्या हजार वर्षांची जबाबदारी कोणत्याच विभागाकडे नाही. विद्यापीठांतल्या विषयांच्या भिंती गावातल्या वस्तूंमधूनही जातात.

त्रिविक्रमाचे मंदिर या संदर्भात पाहण्याजोगे आहे. विटांचे बांधकाम, मागची बाजू अर्धवर्तुळाकार, वर हत्तीच्या पाठीसारखे छप्पर. समोर पुढे जोडलेला सपाट छताचा मंडप. लेण्यांतल्या चैत्यगृहाची आठवण कोणालाही व्हावी. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री कझेन्स यांनी हे मुळात बौद्ध चैत्य असावे असे सुचविले. ते प्रथमपासूनच ब्राह्मणी मंदिर असावे असे मानणारेही आहेत. आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे, पाय उचललेला, विश्व मापणारा. अभ्यासकांचा गट बरोबर असला की येथे हटकून एक गोष्ट घडते: सारे छताकडे पाहतात, मूर्तीकडे कोणी पाहत नाही. गावकरी येतात ते मूर्तीकडे पाहतात, छताकडे कोणी पाहत नाही. 'मूळ' काय होते हा प्रश्न आपल्याला इतका मोहात पाडतो की नंतर जे झाले ते सर्व आपल्याला आवरण वाटू लागते. पण इमारत वाचली ती नंतरच्यांमुळे. ती चैत्य असेल तर चैत्य म्हणून ती टिकली नाही. त्रिविक्रमाचे घर म्हणून टिकली. यात विस्थापन आहे की जपणूक, हे एका शब्दात सांगता येणार नाही. बौद्ध वारशाचा हक्क सांगणाऱ्या आजच्या वाचकाला 'जपणूक' हा शब्द सोयीस्कर पळवाट वाटेल, आणि त्याच्या संशयाला महाराष्ट्रात पुरेसा आधार आहे. मला इतकेच दिसते की पुसून लिहिलेल्या पोथीत खालचा मजकूर वाचण्यासाठी वरचा खरवडून काढणारा संपादक दोन्ही मजकूर गमावतो.

खणून काढण्याचा हा मोह नवा नाही. धाराशिवजवळच्या लेण्यांसंबंधी एक अपभ्रंश काव्य आहे, मुनी कनकामराचे 'करकंडचरिउ'. हिरालाल जैन यांनी ते संपादित करून १९३४ साली प्रसिद्ध केले. त्यात करकंड राजाचा तळ तेरापुराजवळ पडतो. डोंगरात एक मोठे लेणे आहे, असे त्याला सांगतात. आणि वर एक वारूळ आहे, त्याची एक हत्ती रोज पूजा करतो. राजा वारूळ खणवितो आणि आतून पार्श्वनाथाची मूर्ती निघते. ती लेण्यात बसविली जाते. पुढे मूर्तीवरची एक गाठ त्याच्या डोळ्यांना खुपते, तो ती फोडायला लावतो, आणि पाण्याचा लोंढा फुटून लेणे भरून जाते. आपल्या मुलखातल्या वारसास्थळभेटीचे इतके जुने वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. पाहुणा येतो, स्थानिक माणूस जागा दाखवितो, जनावराच्या सवयीवरून पुरावा मिळतो, उत्खनन होते, पुनःस्थापना होते, आणि सौंदर्यदृष्टीच्या अट्टहासाने नुकसान होते. धाराशिवच्या लेण्यांत साचलेले पाणी पाहणाऱ्याला कथेचा उगम कळतो. जेम्स बर्जेसने एकोणिसाव्या शतकात ही लेणी पाहून नोंदवली, त्याच्या किती आधी एका जैन कवीने त्यांची 'पाहणी' करून ठेवली होती.

आता याच मुलखातल्या दुसऱ्या पांढरीविषयी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि आसपासची लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे भूकंपाने कोसळली. हजारो माणसे झोपेत गेली. तज्ज्ञांनी नंतर सांगितले की भूकंपाच्या तीव्रतेच्या मानाने मृत्यू फार झाले, आणि याचे कारण घरांची बांधणी: मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि माळवदावरचे मातीचे ओझे. दर काही वर्षांनी वर नवा थर घातला जाई. जुना कोणी काढीत नसे. मी वर ज्या छताचे जरा कौतुकाने वर्णन केले तेच हे छत. वारशाविषयी लिहिताना हात आखडता घ्यावासा वाटतो तो येथे. पांढरीची माती पाऊस आणि ऊन शेकडो वर्षे अडवीत आली होती, आणि एका पहाटे तिने माणसे मारली. परंपरागत घराच्या गोडव्याचे लेख शहरी मासिकांतून येतात तेव्हा मला त्या गावांची आठवण होते.

५२ गावांचे पूर्ण स्थलांतर झाले. नव्या जागी सरळ रस्ते, चौकोनी आखणी, सिमेंटची घरे. जुनी गावठाणे मागे राहिली. तिथे दगडांचे ढीग आहेत, बाभळी आहेत, एखादा उभा राहिलेला दरवाजा आहे. गावाची पांढरी ज्या रीतीने तयार होते ती रीत तिथे आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. फरक इतकाच की या थराचा दिनांक आणि वेळ माहीत आहे, पाँपेईच्या थरासारखी. तेरच्या मूर्तीसाठी आपण पाँपेई गाठतो. तेरच्या जवळच्या पाँपेईला तो शब्द लावण्याचे कोणाला सुचले नाही. तो लावू नये, हेच बरे. तिथली माणसे अजून जिवंत आहेत आणि त्यांच्या मृतांची नावे त्यांना पाठ आहेत. प्रेक्षणीय होण्यासाठी काळाचे जे अंतर लागते ते पडलेले नाही.

अशाच एका पुनर्वसित गावातला एक विद्यार्थी एम. ए. ला माझ्या वर्गात होता. भूकंपानंतर जन्मलेला. लघुप्रबंधासाठी त्याने एखाद्या ग्रामीण कादंबरीचा विषय घ्यावा असा माझा आग्रह होता. त्याने आपल्या आजीच्या घराचे शब्द घेतले. आजीने जुने घर त्याला तोंडाने दाखवायचे आणि त्याने प्रत्येक जागेचे नाव लिहायचे, अशी त्याची पद्धत. ढाळज म्हणजे दारातून आत आल्यावरची बसण्याची जागा. देवळी म्हणजे भिंतीतला दिव्याचा कोनाडा. बळद म्हणजे भिंतीच्या पोकळीतले धान्याचे कोठार. सवणे म्हणजे माळवदातून उजेड आणि धूर यांच्यासाठी ठेवलेले भोक. पेव, उतरंड, तुळई, खण. सिमेंटच्या घरात यांतील एकाही वस्तूला जागा नाही, त्यामुळे शब्दही बोलले जात नाहीत. त्याच्या लहान भावंडांना ते ठाऊक नाहीत. यांतले काही शब्द कोशांत आहेत. आजी ते ज्या क्रमाने सांगत होती तो क्रम कोशांत नाही: दारातून आत, ढाळजेतून अंगणात, अंगणातून चुलीपाशी, आणि चुलीजवळच्या खणात ती थांबत असे, कारण त्या खणात त्या रात्री कोण झोपले होते हे तिला सांगायचे असे.

लघुप्रबंधाच्या मौखिक परीक्षेत त्याला विचारण्यात आले की या शब्दांना संदर्भ कोणता, आधारग्रंथ कोणता. त्याने आजीचे नाव सांगितले. परीक्षकांनी ते संदर्भसूचीत कसे लिहावे याविषयी दहा मिनिटे चर्चा केली, आणि अखेर 'मुलाखत' असा मथळा घालून खाली तिचे नाव, गावाचे नाव आणि कंसात 'जुने गावठाण' असे लिहिण्यास त्याला सांगण्यात आले.